मोहाचे फूल, द्राक्षाचा रस आणि कायदा

फाल्गुन-चैत्रात सातपुड्याच्या पायथ्याची जंगले निष्पर्ण असतात, आणि नेमक्या त्याच वेळी मोहाची झाडे फुलतात. रात्री उमललेली फुले पहाटे जमिनीवर गळून पडतात. उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन बायका आणि मुले झाडाखाली हजर होतात. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा, तळोदा, धडगाव या भागांतील शाळांत मार्च-एप्रिलमध्ये मुलांची उपस्थिती का घटते, याचे एक कारण तेथल्या शिक्षकांना सांगावे लागत नाही.

या फुलांचे पुढे काय होते? बहुतेकांचे उत्तर एकच असते : दारू. उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मोहाची दारू आणि द्राक्षाची वाइन या दोहोंची सुरुवात एकाच रासायनिक क्रियेने होते. तरीही एकीला महाराष्ट्र सरकारने २००१ साली शेतमालावरील प्रक्रिया उद्योग मानून करात सवलत दिली, तर दुसरी घरी गाळणे शंभराहून अधिक वर्षे गुन्हा ठरत आले आहे. हा फरक रसायनशास्त्रातून आलेला नाही. तो इतिहासातून आला आहे, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग खानदेशात घडला आहे.

(येथे खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. १९०६ साली मूळ खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला.)

आधी अन्न, मग पेय

मोहाचे शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. ते चिकूच्या कुळातले, म्हणजे सपोटेसी कुळातले झाड आहे. त्याच्या फुलाच्या पाकळ्या सुट्या नसतात. त्या एकमेकींना जुळून एक छोटा, मांसल, पिवळसर पेला तयार होतो. या पेल्यात साखर साठलेली असते. वाळवलेल्या फुलांच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा भरतो. फुलाचा उग्र गोड वास रात्री वटवाघळांना बोलावतो आणि परागीभवन होते. नंतर फक्त हा पेला गळतो. बीजांडकोश झाडावरच राहतो आणि त्यापासून पुढे फळ धरते. म्हणून जमिनीवरची फुले वेचली तरी फळांचे नुकसान होत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला त्याच झाडाची फळे उतरतात आणि बियांचे तेल गाळले जाते. एक झाड एका हंगामात गोडवा आणि स्निग्ध पदार्थ असे दोन्ही देते.

फुले सुकवून ठेवली की वर्षभर टिकतात. ती भाजून खातात, शिजवून खातात, ज्वारीच्या किंवा मक्याच्या पिठात घालून भाकरी करतात, तिळाबरोबर कुटून लाडू वळतात. गुरांना, विशेषतः दुभत्या जनावरांनाही देतात. दुष्काळात या फुलांचे मोल फार वाढे. संवत १९५६चा, म्हणजे १८९९-१९००चा ‘छप्पन्या’ दुष्काळ खानदेशात आणि गुजरातेत अतिशय भीषण ठरला. अशा वर्षांत पीक बुडाले तरी मोहाची जुनी, खोल मुळांची झाडे फुलत, आणि जंगलाजवळची कुटुंबे त्या फुलांवर काही आठवडे काढत. मोहाकडे केवळ दारूचे झाड म्हणून पाहणारा माणूस या झाडाचा हा उपयोग विसरतो. पुढे आपल्याला दिसेल की कायदा करणारेही तो विसरले.

मडक्यातले रसायन

फुले पाण्यात भिजवून मडक्यात झाकून ठेवली की काही दिवसांत मिश्रण फसफसू लागते. फुलांवर आणि मडक्याच्या आतल्या बाजूला असलेले किण्व, म्हणजे यीस्ट, साखरेचे विघटन करून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. या क्रियेचा हिशेब गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ साली मांडला. आजच्या अणुभारांनी मोजले तर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथिल अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. प्रत्यक्षात अल्कोहोल थोडे कमी मिळते, कारण काही साखर किण्व स्वतःच्या वाढीसाठी वापरते. वाढीसाठी किण्वाला नायट्रोजनही लागतो. भट्टीवाले मडक्यात चिमूटभर नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, टाकतात त्यामागचे कारण हेच.

द्राक्षाच्या रसातही नेमके हेच घडते. लाल वाइनमध्ये काळ्या द्राक्षांची साले रसाबरोबर आंबू देतात. सालीतला रंग आणि तुरट टॅनिन अल्कोहोलात उतरतात, म्हणून ती लाल आणि किंचित तुरट लागते. अल्कोहोलाचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास गेले की बहुतेक किण्वांना स्वतःच तयार केलेले अल्कोहोल सोसत नाही आणि क्रिया थांबते. वाइन येथेच थांबते. मोहाचे आंबवण मात्र पुढे भट्टीवर चढते.

अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशांना. मडके तापवले की निघणाऱ्या वाफेत अल्कोहोलाचे प्रमाण मूळ आंबवणापेक्षा जास्त असते. ही वाफ नळीतून थंड भांड्यात उतरवली की दारू मिळते. सुरुवातीला उतरणारा द्रव सर्वांत तेज असतो आणि पुढे पाण्याचा अंश वाढत जातो. मराठीतला ‘पहिल्या धारेची’ हा शब्दप्रयोग म्हणजे ऊर्ध्वपातनाचा लोकांनी लिहून ठेवलेला नियमच आहे. मडके, बांबूची नळी आणि थंड पाणी एवढ्या साहित्यात ही क्रिया होते, आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतील काचेच्या उपकरणात होते तीही हीच.

वाइनचे नशीब असे की तिच्या मागे एकोणिसाव्या शतकातले सर्वांत मोठे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ उभे राहिले. फ्रान्समधील वाइन साठवणीत बिघडत होती. सम्राट तिसऱ्या नेपोलियनने १८६३ साली लुई पाश्चरला हा प्रश्न सोडवायला सांगितले. पाश्चरने बिघाड करणारे सूक्ष्मजीव ओळखले आणि वाइन ५५ ते ६० अंशांपर्यंत थोडा वेळ तापवली तर ती टिकते हे दाखवले. त्याचा वाइनवरील ग्रंथ १८६६ साली निघाला. आपण दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द वाचतो, त्याचा उगम या वाइनमध्ये आहे. त्याच काळात मुंबई सरकारही मोहाच्या दारूकडे लक्ष देऊ लागले होते. पण ते लक्ष प्रयोगशाळेचे नव्हते, महसूल खात्याचे होते.

परवाना पूर्वीही होता, पण घरालाही हक्क होता

दारूवर राज्याचे नियंत्रण ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्यावर एक पूर्ण प्रकरण आहे. दारू कोणी करावी, कोठे विकावी, किती द्यावी याचे नियम त्यात आहेत. मद्यांच्या यादीत ‘मधु’ म्हणजे द्राक्षाच्या रसाचे मद्य येते आणि त्याचा एक प्रकार कापिशायन, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील कपिशा प्रदेशाचा, असे म्हटले आहे. म्हणजे द्राक्षाची वाइन तेव्हाही दूरदेशची, मौल्यवान वस्तू होती. जळगावहून जवळ असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील छतावर परदेशी पोशाखातील माणसे पेला हातात घेऊन बसलेली दिसतात. पाचव्या शतकातील ही चित्रे काढणाऱ्यांना मद्यपानाचा तो परदेशी थाट ओळखीचा होता.

याच प्रकरणात एक लक्षात ठेवण्यासारखी तरतूद आहे. कुटुंबात काही कार्य असेल तर घरी मद्य करायची मुभा होती. उत्सव आणि यात्रांच्या वेळी चार दिवस ही मोकळीक मिळे. राज्य महसूल घेत होते, पण घरच्या कार्यात आणि देवाच्या उत्सवात राज्याने हात घातला नव्हता.

सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत मोहाच्या दारूला असेच स्थान होते. देवाला आणि पूर्वजांना दारूची धार जमिनीवर सोडली जाते. लग्न ठरताना, मृत्यूनंतरच्या विधीत, भांडण मिटवताना ती लागते. हे पिणे जेवणाच्या आणि जमलेल्या माणसांच्या सोबतीने होई. यालाही शास्त्रीय अर्थ आहे. अल्कोहोल मुख्यतः लहान आतड्यात शोषले जाते. पोटात अन्न असले की जठर सावकाश रिकामे होते आणि अल्कोहोल रक्तात हळूहळू जाते. युरोपात लाल वाइन मांसाबरोबर आणि जेवणाबरोबर घेण्याची रीत आहे, तिच्यात चवीइतकाच हा भागही आहे. लाल वाइनमधील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, म्हणून तोंड कोरडे वाटते. सोबत मांसासारखा प्रथिनयुक्त आणि स्निग्ध पदार्थ असला की हा तुरटपणा कमी जाणवतो. याचा अर्थ अल्कोहोल निरुपद्रवी होते असा नाही. यकृताला शेवटी तेवढाच भार सोसावा लागतो. पण दिवसभराच्या मजुरीनंतर रिकाम्या पोटी दुकानासमोर उभे राहून पिणे आणि सणाला जेवणासोबत पिणे, यांचे शरीरावरचे परिणाम एकसारखे नसतात. हा बदल कसा झाला ते आता पाहू.

जलमापी आणि सरकारी भट्टी

खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात आला. भिल्लांचे उठाव थोपवण्यासाठी १८२५ साली भिल्ल पलटण उभारली गेली. तिचा पहिला सेनापती जेम्स औट्रम, आणि तिचे नाव धरणगावशी जोडलेले आहे. या काळात दारूचे उत्पन्न मक्त्याने वसूल होत असे. मक्तेदार सरकारला ठरावीक रक्कम देई आणि आपल्या भागात दारू विकण्याचा हक्क मिळवी. डोंगरातील घरगुती मडक्यांवर प्रत्यक्ष पहारा ठेवणे कोणालाच शक्य नव्हते.

१८७८ साली मुंबईचा अबकारी कायदा आला आणि चित्र बदलले. परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा झाला. दारू मध्यवर्ती भट्ट्यांत गाळायची, तेथेच तिची तेजी मोजायची, तेजीप्रमाणे कर घ्यायचा आणि मग ती परवानेदार दुकानांत पाठवायची, अशी पद्धत सुरू झाली. अबकारी आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड हे या पद्धतीचे मुख्य शिल्पकार होते.

या पद्धतीच्या केंद्रस्थानी एक साधे वैज्ञानिक उपकरण होते : जलमापी, म्हणजे हायड्रोमीटर. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने तेज दारूत जलमापी खोल बुडतो. इंग्लंडमध्ये सायक्सचा जलमापी १८१६ साली कर मोजण्यासाठी मान्य झाला होता. तेजी ‘प्रूफ’मध्ये मोजत. प्रूफ दारूत आकारमानाने सुमारे ५७ टक्के अल्कोहोल असते. ‘२५ अंडर प्रूफ’ म्हणजे तिच्या तीन-चतुर्थांश, अर्थात सुमारे ४३ टक्के. ‘६० अंडर प्रूफ’ म्हणजे सुमारे २३ टक्के. देशी दारूच्या बाटलीवर ही संख्या पुढे कित्येक दशके छापली गेली.

जलमापी हजारो मडक्यांत बुडवता येत नाही. जे मोजता येत नाही त्यावर तेजीनुसार कर बसवता येत नाही. त्यामुळे मडकी बंद करून मोजक्या मोठ्या भट्ट्या ठेवणे हे या करपद्धतीला आवश्यकच होते. मोहाची घरगुती दारू बंद होण्याचे कारण ती आरोग्याला घातक आहे असे कोणी सिद्ध केले, हे नव्हते. ती मोजता येत नव्हती. तीच मोहाची फुले मुंबईजवळ समुद्रकाठी उरणच्या मोठ्या भट्ट्यांत मात्र रीतसर गाळली जात आणि मुंबई शहराला पुरवली जात.

याच सुमारास या फुलांना समुद्रापलीकडेही गिऱ्हाईक मिळाले. अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने फ्रान्समधील द्राक्षवेलींची मुळे पोखरली. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८४५ कोटी लिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती सुमारे २३४ कोटी लिटरवर आली. द्राक्षे कमी पडल्यावर मद्यार्कासाठी साखरेचे दुसरे साठे शोधले गेले, आणि १८८०च्या दशकात मुंबईहून वाळलेली मोहाची फुले जहाजांतून फ्रान्सला जाऊ लागली. ज्या फुलांपासून सातपुड्यातील माणसाने आपल्या अंगणात दारू गाळणे गुन्हा होता, त्याच फुलांचा मद्यार्क युरोपात वाइनची उणीव भरून काढत होता.

भट्टीवर बंदी घालूनही चोरून गाळणे थांबले नाही, तेव्हा सरकारची नजर फुलांकडे वळली. १८९२ साली मोहफुलांविषयी स्वतंत्र कायदा झाला. तो आधी ठाणे आणि कुलाबा या किनाऱ्यावरील जिल्ह्यांसाठी होता. फुले बाळगण्यावर आणि त्यांच्या ने-आणीवर त्याने निर्बंध घातले. माणसाचे आणि गुरांचे अन्न असलेली वस्तू, केवळ तिच्यापासून दारू होऊ शकते म्हणून, संशयित ठरली.

मुंबई इलाख्यात अबकारी हा जमीनमहसुलाच्या खालोखाल उत्पन्नाचा मार्ग बनला. दुकाने वाढली तसे सरकारचे उत्पन्न वाढले, आणि लोकांचे पिणेही. हा धोका काहींनी लवकर ओळखला होता. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. दुकानांमुळे संसार उद्ध्वस्त होतात, हा त्यांचा मुद्दा होता.

दारू सोडण्यामागचा हिशेब

घरची फुले, घरचे मडके आणि घरचे सरपण असताना दारूला रोख पैसा लागत नव्हता. दुकानातून ती विकत घ्यावी लागू लागली. पैसा नसला की उधारी. उधारी साचली की सावकार, आणि सावकाराकडे गहाण टाकायला शेवटी जमीन. पश्चिम खानदेशच्या सपाट, काळ्या जमिनीतून आदिवासी कुटुंबे मागे सरकत गेली, त्याला कर्ज, कोर्टाचे व्यवहार, जंगलाचे कायदे अशी अनेक कारणे आहेत. दारूचे दुकान हे त्यांपैकी एक होते, आणि रोज डोळ्यांसमोर दिसणारे होते.

म्हणूनच आदिवासींमधून उठलेल्या सुधारणेच्या चळवळींत दारू सोडणे हा पहिला नियम असे. १९२२ साली दक्षिण गुजरातेत ‘देवी’ची मोठी चळवळ झाली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी तिचा माग काढला तेव्हा तिची सुरुवात पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत झाल्याचे दिसले. तेथून ती घाट चढून नाशिक, डांग आणि पश्चिम खानदेश या बाजूंना पसरली. देवी अंगात आलेली माणसे सांगत : दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदाराची चाकरी करू नका. शेवटच्या आज्ञेवरून कळते की रोख केवळ व्यसनावर नव्हता. दारू ज्या व्यवस्थेतून येत होती तिच्यावरही होता.

१९३८च्या सुमारास तळोद्याजवळच्या मोरवड येथे गुला महाराजांनी अशीच चळवळ उभी केली. दर सोमवारी आरतीला हजारो आदिवासी जमत. दारू सोडावी, स्वच्छ राहावे आणि एकमेकांना ‘आप’ म्हणावे, ही त्यांची शिकवण. ‘अरे-तुरे’ ऐकण्याची सवय लावलेल्या समाजात एकमेकांना ‘आप’ म्हणणे ही लहान गोष्ट नव्हती. ही चळवळ ‘आप की जय’ या घोषणेनेच ओळखली जाते. गुला महाराज १९३८ साली वारले आणि त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले.

या चळवळींचा विचार करताना एक घोटाळा टाळायला हवा. ‘मोहाची दारू ही आदिवासींची संस्कृती, तिच्यावर टीका नको’ असे म्हणणारा माणूस गुला महाराजांना विसरतो. ‘आदिवासींना दारूपासून वाचवायला बाहेरचा कायदा हवा’ असे म्हणणाराही त्यांना विसरतो. दारू सोडण्याचा निर्णय आदिवासींनी स्वतः, स्वतःच्या कारणांसाठी घेतला होता.

बंदी, परवाने आणि शहाद्याच्या बायका

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि १९५० साली मोहफुलांसाठीही नियम झाले. १८७८चा कायदा महसुलासाठी होता आणि १९४९चा नीतीसाठी, पण सातपुड्यातील मडक्याच्या दृष्टीने दोहोंचा अर्थ एकच निघाला. १९६०नंतर महाराष्ट्राने बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि परवानेदार दुकाने पुन्हा उघडली. मात्र या नव्या देशी दारूत मोह नव्हता. ती साखर कारखान्यांतील मळीपासून केलेल्या मद्यार्काची होती. शासनाने दारूला परवानगी दिली तेव्हाही ती उसाला मिळाली, मोहाला नाही.

नेमक्या याच वर्षांत शहादा-तळोदा भागात शेतमजुरांची मोठी चळवळ चालू होती. अंबरसिंग सुरतवंती हे तिचे भिल्ल नेते. गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात, मजुरी वाढावी, मारहाण थांबावी या तिच्या मागण्या. १९७२ साली श्रमिक संघटना स्थापन झाली. शिबिरांत बायका बोलू लागल्या तेव्हा त्यांनी जमिनीबरोबर दुसरा प्रश्न पुढे आणला : नवऱ्याची दारू आणि त्यानंतरची मारहाण. त्या गावोगाव गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या पुरुषाला बायकांनी एकत्र येऊन जाब विचारला. महाराष्ट्रातील स्त्री-चळवळीच्या इतिहासात शहाद्याची ही घटना आवर्जून सांगितली जाते.

या बायकांनी फोडलेली मडकी सरकारी परवान्याची नव्हती, गावातलीच होती. तेव्हा घरची दारू म्हणजे चांगली आणि दुकानची म्हणजे वाईट, असा सोपा निष्कर्षही काढता येत नाही. सणापुरते असलेले मडके रोज चढू लागले, विक्रीसाठी चढू लागले, की तेही दुकानच होते. फुले वेचणारे आणि दारू गाळणारे हात बहुधा बायकांचे, आणि मार खाणारेही त्यांचेच शरीर. पिणाऱ्याच्या हक्काबद्दल बोलताना हे बाजूला ठेवता येणार नाही.

वाइनला एक वाट, मोहाला दुसरी

इकडे नाशिक, पुणे आणि सांगली भागांत वेगळीच कथा घडत होती. १९८०च्या दशकात नारायणगाव येथे फसफसणारी वाइन तयार होऊ लागली. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केले. वाइन हे शेतकऱ्याच्या मालाचे मूल्य वाढवणारे उत्पादन मानून सवलती दिल्या, आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकण्यास परवानगी द्यायचे ठरवले, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद झाला. विरोधही तीव्र झाला. विज्ञानाच्या शिक्षकाला येथे एक गोष्ट स्पष्ट सांगता येईल. वाइनमधील इथिल अल्कोहोल आणि मोहाच्या दारूतील इथिल अल्कोहोल हा एकच पदार्थ आहे. फरक प्रमाणाचा आहे. १२ टक्क्यांची १५० मिलिलिटर वाइन आणि ४३ टक्क्यांची सुमारे ४२ मिलिलिटर दारू यांत अल्कोहोल सारखेच भरते.

मोहाबाबत हालचाल उशिरा झाली. २०२१ साली महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक करणे यांवरील जुने निर्बंध हटवले. म्हणजे फुलाची अन्न म्हणून असलेली ओळख कायद्याने पुन्हा मान्य करायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. नर्मदेपलीकडे, नंदुरबारला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील अलिराजपूर जिल्ह्यात तेथील सरकारच्या ‘वारसा मद्य’ धोरणाखाली आदिवासी बचतगट मोहाची दारू बाटलीत भरून विकू लागला आहे. ती शहरांतील दुकानांत पोचावी हा हेतू आहे. तिचा फायदा फुले वेचणाऱ्यांना किती मिळतो, यावर या प्रयोगाचे मोल ठरेल.

मोजमापाची गरज मात्र नाकारता येत नाही. विषारी दारूने माणसे मरतात ती बहुधा कारखान्यांतील मिथिल अल्कोहोल मिसळल्यामुळे. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे असे शंभरावर बळी गेले. मिथिल अल्कोहोलाचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते. ते आधी दृष्टी आणि मग जीव घेते. चवीने किंवा वासाने ते ओळखता येत नाही, तपासणीच लागते. १८७८ साली जलमापी आला तो कर घेण्यासाठी. पिणाऱ्याच्या जिवासाठी तपासणी करणारी व्यवस्था गावापर्यंत अजून पोचायची आहे.

निर्णय कोणाचा?

१९९६ साली संसदेने अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठी ‘पेसा’ कायदा केला. त्याच्या एकाच कलमात लागोपाठ दोन अधिकार ग्रामसभा आणि पंचायत यांच्याकडे दिलेले आहेत. पहिला, मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा. दुसरा, गौण वनोपजाच्या मालकीचा. म्हणजे मोहाचे फूल आणि मोहाची दारू या दोहोंबद्दलचा निर्णय कायद्याने एकाच ठिकाणी आणून ठेवला आहे. धडगाव, अक्कलकुवा, नवापूर हे तालुके या क्षेत्रात येतात. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर येथील अनेक गावेही येतात. प्रश्न उरतो तो ग्रामसभेत कोण बसते आणि कोण बोलते याचा. शहाद्याच्या बायका तेथे बोलल्या तर निर्णय एक होईल, आणि त्या घरीच राहिल्या तर दुसरा.

या भागातील शाळांत मोहाचे फूल हा पाठ्यपुस्तकाबाहेरचा, पण मुलांना पूर्ण ठाऊक असलेला विषय आहे. तो वर्गात आणायला संकोच वाटतो, कारण त्याला दारूचा वास येतो. संकोच बाजूला ठेवून पुढील गोष्टी करता येतील.

मुलांनी एका झाडाखालची एका पहाटेची फुले वेचून वजन करावे, ती वाळवून पुन्हा वजन करावे आणि पाण्याचे प्रमाण काढावे. वाळलेली फुले कोमट पाण्यात भिजवून, त्यात चिमूटभर बेकरीचे यीस्ट घालून बाटलीच्या तोंडाला फुगा लावावा. फुगा फुगला की त्यातला वायू चुन्याच्या निवळीत सोडावा. निवळी दुधाळ होते. प्रयोग येथेच थांबवावा. गाळण्याचा भाग फळ्यावर आकृती काढून पुरेसा समजतो. घरातील आजीकडून मोहाच्या फुलांचे किती पदार्थ होतात याची यादी करावी आणि तिने पाहिलेल्या दुष्काळाची आठवण लिहून घ्यावी. मोहाडी, मोहिदे यांसारखी किती गावे आपल्या तालुक्यात आहेत आणि तेथे आज मोहाची झाडे किती उरली आहेत, हे मोजावे.

वरच्या वर्गांत एक प्रश्न चर्चेला द्यावा : आपल्या ग्रामसभेपुढे उद्या मोहाच्या दारूचा विषय आला, तर तिने काय ठरवावे, आणि ते ठरवताना तिने कोणाचे आधी ऐकावे? उत्तरे मुलींकडून आणि मुलांकडून वेगवेगळी लिहून घ्यावीत, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून मोठ्याने वाचावीत.